ओल्या मोज्यांचा वास आणि दोन ‘नॉर्मल’ नोंदी

रात्री दीडला कॅज्युअल्टीतून फोन आला. ड्युटीवरच्या पोराने एका वाक्यात केस उरकली, “सर, एअर होस्टेस आहे, पॅनिक वाटते, सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव.” जिना उतरून खाली पोचेपर्यंत माझंही मत जवळपास तेच झालं होतं. रात्रीच्या वेळी दुसऱ्याचं निदान उसनं घेणं फार सोपं असतं.

ही २०२४ सालचा पाऊस ओसरत असतानाची गोष्ट. रुग्णाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल ते तपशील बदलले आहेत, आणि विमान कंपनीचं व आमच्या रुग्णालयाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.

ती रात्र

सत्तावीस वर्षांची मुलगी, चार वर्षांपासून केबिन क्रू. राहायला मुंबईत, आईवडील इथे नागपुरात, त्रिमूर्तीनगरात. त्या संध्याकाळची मुंबई–नागपूर फेरी तिची शेवटची होती. मुक्काम वर्धा रोडवरच्या हॉटेलात, सकाळी परत. विमान ८.५० ला उतरलं. हॉटेलात पोचल्यावर दोनदा उलटी झाली, डोकं फुटायला आलं, बोटांना मुंग्या. सोबतच्या मुलीने तिच्या भावाला फोन केला. भाऊ शेजाऱ्यांची गाडी मागून घेऊन आला, तिला घरी नेलं, आणि घरी आईने तिचा चेहरा पाहून गाडी परत वळवायला लावली.

ती खाटेच्या काठावर बसली होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट रोवून. नाव विचारलं तर बरोबर सांगितलं. वार विचारला तर थांबली. “सर, डोकं चालूनच नाही राहिलं. मोबाइलचा पॅटर्न आठवून नाही राहिला मघापासून.”

आई मागून म्हणाली, “हिला साधी सर्दीसुद्धा होत नाही जी डॉक्टरसाहेब. विमानात कसला तरी घाण वास येऊन राहिला होता म्हणते.”

विदर्भात शिकलेल्या डॉक्टरने ‘वास’ आणि ‘उलटी’ हे शब्द एकत्र ऐकले की त्याचा हात आधी रुग्णाच्या पापणीकडे जातो. कापसाच्या हंगामात मेडिकलच्या वॉर्डात फवारणीची विषबाधा आम्ही रांगेने पाहिली आहे. टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, तोंडाला फेस, घामाने भिजलेला सदरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर फवारणीने दगावले, तेव्हापासून तर इथला इंटर्नही त्या विषावरच्या उताऱ्याचा, म्हणजे अ‍ॅट्रोपीनचा हिशेब तोंडपाठ सांगतो. हिच्या बाहुल्या मात्र चार मिलिमीटरच्या, उजेडाला नीट आकसणाऱ्या. तोंड कोरडं, घाम नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीच्या औषधातलं विष, नाही, असं मी अर्ध्या मिनिटात ठरवून टाकलं. या घाईवर पुढे येतो.

नाडी १०४, रक्तदाब १३०/८४, श्वास मिनिटाला २२, ताप नाही. अधूनमधून कोरडा खोकला. छातीत किंचित शीळ होती, पण ती मी दुसऱ्यांदा ऐकल्यावर सापडली. पॅनिकच्या निदानावर पहिला ओरखडा उमटला तो तिला उभं केल्यावर. डोळे मिटून उभी राहिली तर डावीकडे झुकायची. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं, पाचव्या पावलाला भिंत धरली. घाबरलेला माणूस थरथरतो, धापा टाकतो, रडतो. त्याचा तोल असा एकाच बाजूला जात नाही. तिला दाखल करून घेतलं.

उलटीचं इंजेक्शन, ईसीजी, आणि पावणेदोनपासून मास्कने ऑक्सिजन. पहाटे चारला डोकं हलकं झालं म्हणाली, ऑक्सिजन काढला. केसपेपरवर मी लिहिलं: व्हायटल्स स्टेबल, सॅच्युरेशन नॉर्मल.

रक्त काढलं सकाळी साडेनऊला, इतर रक्तांबरोबर. या प्रकरणातली माझी सर्वांत महागडी चूक ती.

सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव

बोटाला लावायचं ते यंत्र कोविडमुळे घराघरांत पोचलं, आणि त्याबरोबर त्याच्यावरचा आंधळा विश्वासही. ते रक्ताचा रंग बघतं, एवढंच. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच लाल दिसतं. बंद न्हाणीघरात गॅस गीझरच्या धुराने बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बोटालाही ते ९८ दाखवू शकतं. खरा आकडा हवा असेल तर को-ऑक्सिमीटर असलेलं रक्तवायू तपासणीचं यंत्र लागतं. आमच्या यंत्रात ती सोय नव्हती, म्हणून नमुना सकाळी बाहेरच्या लॅबला गेला. अहवाल आला: कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन, १.१ टक्के. बिडी-सिगरेट न ओढणाऱ्या माणसाचं साधारण एवढंच असतं.

आता हा हिशेब पाहा. साध्या हवेत हा वायू रक्तातून चार-पाच तासांत निम्मा होतो, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात. समजा विमान उतरलं तेव्हा तिच्या रक्तात १२ टक्के होता. पावणेदोनपर्यंत तो ६ वर आला असता. चारपर्यंतच्या ऑक्सिजनने २ च्या आसपास. पुढच्या साडेपाच तासांत उरलेल्याचा निम्मा. म्हणजे साडेनऊला १ टक्का. आणि समजा मुळात काहीच नव्हतं, तरीही साडेनऊला १ टक्काच. माझ्या अहवालातून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

ऑक्सिजन द्यायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण मास्क लावण्याआधी जांभळ्या बुचाची एक नळी भरून फ्रिजमध्ये ठेवायला दोन मिनिटं लागली असती. बूच घट्ट असेल आणि नळी थंड असेल तर हा वायू त्या रक्तात कित्येक दिवस टिकतो. रात्री दोनला यंत्र नसलं तरी चालतं, नळी लागते. हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या रात्री आठवलं नाही, कारण ‘विमान’ हा शब्द माझ्या डोक्यात विषबाधेच्या कप्प्यात नव्हताच.

विमानात काय झालं

पुढच्या तीन दिवसांत तिच्याकडून आणि तिने कंपनीला पाठवलेल्या अहवालावरून जे जुळवलं ते असं.

मुंबईत दरवाजे बंद झाले, विमान मागे ढकललं जात असताना मागच्या गॅलीत, म्हणजे खाणं-पिणं ठेवायच्या जागेत, वास आला. तिने लिहिलं होतं, ओल्या मोज्यांसारखा. दुसऱ्या मुलीच्या मते कुबट चीजसारखा. एका प्रवाशाने शेजाऱ्याच्या पायांकडे पाहिलंही म्हणे. पुढे इंटरफोनवर कळवलं. कॅप्टनलाही अंधुक जाणवला होता. इंजिन धुतल्यानंतर पहिल्या उड्डाणात असा वास येतो कधीकधी, तसंच असेल, असं त्याचं म्हणणं. उड्डाणानंतर वास विरला. नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांत सरावतं, त्यामुळे विरला की नाकाने दाद देणं सोडलं, हे सांगता येत नाही.

विमान खाली उतरू लागलं तेव्हा तो पुन्हा आला, या वेळी उग्र. मागच्या जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्च्यांवर, बसलेल्या दोघींचे डोळे चुरचुरले, घसा खवखवला, हिला खोकला लागला. पुन्हा इंटरफोन. या वेळी दोन्ही वैमानिकांनी ऑक्सिजन मास्क चढवले आणि विमान नेहमीसारखं उतरवलं. पुढच्या गॅलीतल्या दोघांना वास आला, पण डोकेदुखीपलीकडे काही झालं नाही.

इथे एक गोष्ट प्रवाशांना क्वचितच ठाऊक असते. वैमानिकांचा मास्क शंभर टक्के ऑक्सिजन देऊ शकतो. छतातून खाली पडणारे पिवळे मास्क आहेत ते हवेचा दाब कमी झाला तर उपयोगी. त्यांत केबिनमधलीच हवा मिसळते, त्यामुळे हवाच बिघडली असेल तर ते कामाचे नाहीत. केबिन क्रूकडे ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर आणि आगीसाठी धूररोधक टोप असतात. पण लँडिंगच्या आधी, प्रवाशांसमोर, नुसत्या वासासाठी तो टोप डोक्यावर चढवायची हिंमत कोण करेल? हिने केली नाही. “लोक घाबरले असते ना सर,” म्हणाली.

त्या रात्री सोनेगाव विमानतळावर इंजिनिअरनी विमान तपासलं. इंजिनं आणि एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, जमिनीवर चालवून पाहिले, वास आला नाही. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद झाली ती अशा अर्थाची: वासाची तक्रार, जमिनीवर चालवून पाहता दोष आढळला नाही. सकाळी विमान गेलं. तीन दिवसांनी त्याच विमानाच्या एपीयूला नेहमीपेक्षा जास्त तेल लागतंय हे दुसऱ्या विमानतळावर कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि एपीयूची हवा बंद ठेवून विमान सोडण्यात आलं. हे तिला एका सहकाऱ्याने तोंडी सांगितलं. कागद मी पाहिलेला नाही.

मला त्या इंजिनिअरला दोष द्यायचा नाही. त्याने रात्री अकराला ‘दोष नाही’ लिहिलं, मी पहाटे चारला ‘नॉर्मल’ लिहिलं. दोघांनीही हातातल्या साधनाने जे दिसतं ते इमानदारीने लिहिलं. जे तोवर उडून गेलं होतं, त्यासाठी रकाना ना त्याच्या कागदावर होता, ना माझ्या.

हवा येते कुठून

माझा एक मित्र आहे, आयुष्य विमानं दुरुस्त करण्यात घातलेला, आता मिहानकडे असतो. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांवर त्याला पकडलं. त्याचे वडील टपाल खात्यात होते. १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री नागपूरला भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. त्या थैल्या त्याच्या वडिलांनी मोजलेल्या.

“बाबांच्या डाकोटा विमानात हवा फटीतून यायची, डॉक्टर,” तो म्हणाला. “आता विमान पस्तीस हजार फुटांवर उडतं, आत आठ हजार फुटांवरच्या एवढा दाब ठेवावा लागतो. फट ठेवून जमत नाही. मग दाबलेली हवा आणायची कुठून? इंजिन हवा दाबतच असतं, त्यातली थोडी इंधन मिसळण्याआधी काढून घ्यायची. तिला म्हणतात ब्लीड एअर. ती थंड करायची, केबिनच्या जुन्या हवेत मिसळायची, आत सोडायची.”

“आणि तेल?”

“इंजिनच्या बेअरिंगला तेल लागतं. ते बाहेर जाऊ नये म्हणून सील असतात. आता हे सील म्हणजे बाटलीचं बूच नव्हे. बरेचसे सील हवेच्या दाबानेच तेल आत दाबून धरतात. इंजिन सुरू होताना, वेग एकदम कमी-जास्त होताना तो दाब डळमळतो. थोडं तेल सुटतं. सील झिजला असेल तर जास्त सुटतं.”

जमिनीवर असताना वीज आणि हवा पुरवतं ते शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू. त्याचं तेल सुटलं, किंवा पोटाखालून ओघळलेलं हायड्रॉलिकचं तेल त्याने ओढून घेतलं, तरी ते थेट एसीच्या नळ्यांत जातं. तिथे तेलाचा थर बसतो. मग एपीयू बंद झाल्यावरही पुढे तापमान आणि ओल बदलली की तो थर वास सोडत राहतो. आपल्या प्रकरणात सुरुवातीला वास, मध्ये शांतता आणि उतरताना पुन्हा उग्र वास, याची त्याला पटणारी कथा ही. पटणारी आहे, सिद्ध झालेली नाही.

हवा गाळायला हेपा फिल्टर असतात, आणि विषाणू-जिवाणूंसाठी ते उत्तम. पण ते केबिनमध्ये फिरणाऱ्या जुन्या हवेवर बसवलेले असतात, आणि कण अडवतात, वाफ अडवत नाहीत. बोइंग ७८७ हे एक वेगळं विमान. २०११ पासून सेवेत असलेल्या या विमानात केबिनची हवा इंजिनमधून न घेता विजेवर चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्रेसरने बाहेरून घेतात. म्हणजे दुसरा रस्ता आहे. बाकीची बहुतेक जेट विमानं जुन्याच रस्त्याने श्वास घेतात, आणि हवा बिघडली हे सांगायला त्यांत सहसा एकही यंत्र नसतं. नाक हेच यंत्र.

मात्रेचा प्रश्न

विमानाच्या इंजिनात वापरतात ते तेल कृत्रिम एस्टरचं असतं. ते तापून फुटलं की कार्बन मोनॉक्साइड सुटू शकतो, आणि आंबूस, कुबट वासाची आम्लं तयार होतात, मोज्यांचा वास त्यांचा. झीज रोखायला त्यात साधारण ३ टक्के ट्रायक्रेसिल फॉस्फेट, म्हणजे टीसीपी घालतात. हे ऑर्गॅनोफॉस्फेटच. आमच्या कपाशीवरच्या औषधांचं लांबचं नातलग.

त्याचा इतिहास वाईट आहे. १९३० मध्ये अमेरिकेत दारूबंदीच्या काळात आल्याच्या अर्कात त्याची भेसळ झाली, हजारोंचे पाय लुळे पडले. १९५९ मध्ये मोरोक्कोत जेट इंजिनचं तेल स्वयंपाकाच्या तेलात मिसळून विकलं गेलं, सुमारे दहा हजार लोकांना बाधा झाली. आणि १९८८ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्याच्या बेहाला भागात, खाद्यतेलातल्या याच भेसळीने शेकडो लोक अधू झाले. या विषाची खोड अशी की बाहुल्या आकसत नाहीत, फेस येत नाही. एक ते तीन आठवडे शांत जातात आणि मग पायांतली ताकद जाते. माझी बाहुली बघून निर्धास्त होण्याची घाई ही अशी चुकीच्या नातलगाला ओळखण्यातली होती.

पण हेही लगेच सांगायला हवं: ते सगळे लोक हे विष प्यायले-खाल्ले होते, चमच्यांनी. विमानात श्वासावाटे जातं ते फार थोडं, आणि सर्वांत घातक ऑर्थो प्रकार आजच्या तेलांत अगदी नगण्य ठेवतात. क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २०११ मध्ये शंभर उड्डाणांत हवा मोजली, कोणतंही प्रदूषक मर्यादेबाहेर नव्हतं. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीतही केबिनची हवा घरं-कचेऱ्यांइतकी किंवा त्याहून चांगली निघाली. मी हे निष्कर्ष मानतो. फक्त क्रॅनफिल्डच्या त्या शंभर उड्डाणांत अधिकृत नोंद करावी लागेल असा एकही फ्यूम इव्हेंट, म्हणजे केबिनमध्ये दूषित हवा शिरल्याची घटना, नव्हता. रोजची हवा ठीक आहे हे त्यातून कळतं. ज्या दिवशी सील जातो त्या दिवशीच्या हवेबद्दल काही कळत नाही.

ब्रिटनच्या विषशास्त्र समितीच्या २००७ च्या निवेदनातला एक आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. वैमानिकांच्या सांगण्यानुसार शंभर उड्डाणांत एकदा असा वास येतो. देखभालीच्या तपासणीत पक्का ठरतो तो दोन हजारांत एकदा. मधल्या वीसपटीत काही भ्रम असतील, काही ओव्हनमधलं सांडलेलं जेवण असेल. आणि काही सोनेगावसारख्या रात्री असतील, जमिनीवर यंत्र चालवून पाहिलं तेव्हा वास आला नाही अशा.

टोकाच्या घटनाही आहेत. १९ डिसेंबर २०१० ला कोलोनला उतरणाऱ्या एका जर्मन विमानात वास आल्यावर दोन्ही वैमानिकांना हातपाय जड पडल्यासारखे झाले. मास्क लावून त्यांनी विमान कसंबसं उतरवलं. आणि ऑस्ट्रेलियात १९९२ च्या एका उड्डाणात धुरात सापडलेल्या हवाई सेविकेने भरपाईचा खटला लढवला, २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने कंपनीचं अपील ऐकायला नकार दिला आणि निकाल तिच्या बाजूने कायम राहिला. या खटल्यात सिद्ध झालं ते फुफ्फुसांचं नुकसान, न थांबणारा खोकला. मेंदू किंवा मज्जातंतूंचा तो निकाल नव्हता. आमच्या रुग्णाचं पुढे काय झालं ते पाहताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रक्त, श्वास, पाय

कोलिनेस्टरेज हे रक्तातलं एन्झाइम ऑर्गॅनोफॉस्फेटने घसरतं. पहिल्या सकाळी ते ५,८०० निघालं. लॅबची मर्यादा मोठी ऐसपैस, त्यात ते आरामात बसत होतं. पुन्हा ‘नॉर्मल’. सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने केलं: ८,१००. तोच तिचा नेहमीचा आकडा मानला, तर त्या सकाळी ते २८ टक्क्यांनी घसरलेलं होतं. कॅलिफोर्नियात कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांचं कोलिनेस्टरेज काम सुरू करण्याआधीच मोजून ठेवतात, आणि ते स्वतःच्या पातळीच्या ८० टक्क्यांखाली आलं की कामाची पद्धत तपासतात. प्रत्येकाची मोजपट्टी त्याची स्वतःची, लॅबची नव्हे. आमच्याकडे ना फवारणाऱ्याचं आधी मोजतात, ना क्रूचं.

याला मी पुरावा म्हणणार नाही. हा आकडा माणसागणिक आणि दिवसागणिक हलतो, यकृताने हलतो, आणि दोन मोजण्यांवर रेघ ओढणं हा गणिताचा अपमान आहे. नोंद म्हणून ठेवला आहे.

श्वासाचं मात्र वेगळं झालं. चौथ्या दिवशी खोकला वाढला म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची चाचणी, केली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ७८ टक्के. दमा नाही, घरात कोणाला नाही, सिगरेट नाही. नोकरीत लागताना कंपनीनेच केलेली चाचणी तिच्या फाइलमध्ये होती: ९६. सहा आठवड्यांनी, पंप घेऊन, ९४. आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि मधली घसरण, तिन्ही कागदावर असलेली ही एकच तपासणी. त्या पहिल्या रात्री जी शीळ मी दुसऱ्यांदा ऐकल्यावर लिहिली, ती पुढे सर्वांत उपयोगी ठरली.

तोल आठवड्याभरात सुधारला. एमआरआय स्वच्छ. पायांची वाट मी चौथ्या आठवड्यापर्यंत पाहिली आणि मज्जातंतूंची चाचणी केली, तीही स्वच्छ. टीसीपीचा तो जुना, पाय लुळे पाडणारा आजार तिला झाला नाही, हे खात्रीने म्हणता येतं. रेंगाळलं ते डोकं. शंभरातून सात-सात वजा करताना तिसऱ्या पायरीला अडायची. दोन महिन्यांनीही म्हणायची, “घोषणा पाठ आहे सर, झोपेत म्हणेन. पण मध्येच एखादा शब्द सुटून जाते.” याचं कारण विष, की त्या रात्रीची भीती, की महिनाभर नोकरीच्या काळजीत न झालेली झोप? तिन्ही असू शकतात. एकाला निवडून बाकीच्यांना हाकलण्याइतका आत्मविश्वास माझ्यात नाही.

भीतीच्या बाजूने एक गोष्ट आहे: वाईट वास आला की शरीर बिघडतंच. विरुद्ध बाजूने दुसरी: मागे बसलेल्या दोघीच आजारी पडल्या, पुढचे दोघे नाहीत. पुढचे काही जास्त शूर नव्हते. त्या दुसऱ्या मुलीला मी तपासणीला ये म्हणून दोनदा निरोप पाठवला. ती आली नाही. तिचं कंत्राट जानेवारीत संपणार होतं.

प्रमाणपत्र

तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. सज्जन माणूस. त्यांच्या फाइलवर निदान होतं ‘अ‍ॅक्यूट अँग्झायटी रिअ‍ॅक्शन’, आणि त्यांना माझं फिटनेस सर्टिफिकेट त्याला जुळणारं हवं होतं. त्याच आठवड्यात तिच्या भावाने इंटरनेटवरून ‘एरोटॉक्सिक सिंड्रोम’ हा शब्द आणला आणि मी तो लिहावा म्हणून आग्रह धरला. हे नाव १९९९ च्या सुमाराचं. आंतरराष्ट्रीय रोगसूचीत त्याला स्वतंत्र जागा नाही.

दोघांनाही नाही म्हटलं. ‘अँग्झायटी’ लिहिलं असतं तर ७८ टक्के श्वासाचं काय करायचं? आणि ‘एरोटॉक्सिक’ लिहिलं असतं तर पहिल्या उलटतपासणीत वकिलाने विचारलं असतं, कोणतं विष, किती, मोजलं कोणी? मी लिहिलं ते असं: “अमुक तारखेला कामावर असताना विमानातील दूषित हवेशी संपर्क आल्याचा इतिहास, त्यानंतर काही तासांत खोकला, उलटी, तोल जाणे, श्वासमार्गाचा तात्पुरता अडथळा मोजणीत सिद्ध, अन्य कारण आढळले नाही.” भाऊ नाराज झाला. डॉक्टरसाहेबही. मला वाटतं, दोघेही सारखेच नाराज झाले ते बरं.

खरं तर अशा वेळी काय तपासायचं याचं मार्गदर्शन आहे. फ्यूम इव्हेंटबाबत क्रूला काय शिकवावं आणि नोंद कशी करावी, यावर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्येच परिपत्रक काढलं. डॉक्टरांसाठीची सविस्तर पद्धत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. विमानतळापासून दहा मिनिटांवरच्या कॅज्युअल्टीत त्यातलं काहीच पोचलेलं नव्हतं, आणि त्यात माझाही वाटा आहे.

पगारी रजा संपली तशी तिला पैशाची चिंता लागली. सिव्हिल लाइन्समधल्या एका वकील मित्राने रस्ता दाखवला. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या व्याख्येत ‘विमानाचा कॅप्टन किंवा अन्य कर्मचारी’ स्पष्ट लिहिलेला आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात फॉस्फरस आणि त्याच्या विषारी संयुगांमुळे होणारे रोगही आहेत. मित्र म्हणाला, परिशिष्टाच्या नादी लागू नका, तिथे विष सिद्ध करत बसाल. कामावर असताना, ठराविक दिवशी, ठराविक वेळी झालेली इजा म्हणून मांडा. तारीख, उड्डाण, लेखी अहवाल, स्पायरोमेट्री, सगळं आहे. मुदत दोन वर्षांची. तिने नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पोचपावतीचं कार्ड परत आलं. एवढ्यावर सध्या थांबलं आहे.

चौथ्या महिन्यात ती पुन्हा उडू लागली. मी हो म्हटलं, पण अट घातली: पंप पर्समध्ये, आणि वास आला तर वेळ मनगटावर पेनने लिहायची. हसली. पण लिहिते.

आमच्या कॅज्युअल्टीच्या दुसऱ्या खणात आता जांभळ्या बुचाच्या दोन नळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यावर चिकटपट्टीवर सिस्टरच्या अक्षरात लिहिलंय, ‘विमान / गॅस गीझर: मास्कच्या आधी’. गेल्या उन्हाळ्यात त्या एकदा उघडल्या. दुसऱ्या कंपनीचा एक पुरुष कर्मचारी, विमान उतरून पन्नास मिनिटं झालेली, डोकं दुखतंय, घसा जळतोय, तोच मोज्यांचा वास. इंटर्नने आधी नळी भरली, मग मास्क लावला. अहवाल ०.९ आला. कार्बन मोनॉक्साइड नव्हता हे या वेळी आम्ही त्याला खात्रीने सांगू शकलो. त्याने विचारलं, मग काय होतं? मी कोलिनेस्टरेज पाठवलं, सहा आठवड्यांनी पुन्हा करायची तारीख लिहून दिली, आणि चौथ्या दिवशी स्पायरोमेट्रीला बोलावलं. चौथ्या दिवशी त्याची सकाळची फ्लाइट होती. आला नाही.